भिजवलेली कणीक आणि पेवातले धान्य

प्रश्न : मी ५९ वर्षांचा निवृत्त लिपिक असून सातारा जिल्ह्यात राहतो. उंची पाच फूट सहा इंच, वजन ७० किलो. रक्तदाब आणि साखर आजवर ठीक आहे. यंदा प्रथमच माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशी पूर्ण वाट पायी चाललो. घरी येताच काट्यावर उभा राहिलो, तर वजन केवळ ६०० ग्रॅम कमी झाले होते. कमरेचा पट्टा मात्र एक भोक आत गेला होता. याउलट गेल्या नवरात्रात घरी बसून नऊ दिवस उपवास केले, तेव्हा तीन किलो उतरले आणि कोजागरीपर्यंत त्यातले बहुतेक परत आले. अडीचशे किलोमीटर चालून जे घडले नाही, ते बसल्या जागी कसे घडले, आणि घडले तर टिकले का नाही? मुलगा म्हणतो की भाताची थेट चरबी होते, म्हणून भात सोडा. खाल्लेले अन्न शरीरात नेमके कोठे आणि कसे साठते? शेवटचे म्हणजे, आमच्या दिंडीतील एक स्नेही इन्सुलिन घेतात. तिसऱ्या मुक्कामाला त्यांचे हातपाय थरथरू लागले आणि दरदरून घाम फुटला. पुढच्या वर्षी त्यांनी काय काळजी घ्यावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पहिलीच वारी शेवटपर्यंत पायी केलीत, याबद्दल मनापासून अभिनंदन. आपण पट्ट्याचे भोक लक्षात ठेवलेत, हे फार बरे केलेत, कारण माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत विश्वासार्ह मोजमाप तेच आहे. वजनकाटा हाडे, मांस, चरबी, पाणी, पोटातील अन्न आणि मूत्राशयातील मूत्र या सर्वांची बेरीज करून एकच आकडा दाखवतो; त्यातले काय वाढले आणि काय घटले, हे तो सांगत नाही. आपला सारा गोंधळ त्या एका आकड्यातून निर्माण झाला आहे.

आधी खर्चाची बाजू पाहू. आपल्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या पुरुषाचे शरीर दिवसभर नुसते पडून राहिले, तरी साधारण १४०० ते १५०० कॅलरी खर्च करते. (येथे कॅलरी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर किलोकॅलरी म्हणून छापलेली.) जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या दिव्यापेक्षा किंचित जास्त, एवढा हा अखंड खर्च असतो. त्यातील मोठा वाटा यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे घेतात, जरी या सर्वांचे मिळून वजन शरीराच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच असते. एकटा मेंदू विश्रांतीच्या खर्चापैकी सुमारे पाचवा हिस्सा संपवतो आणि रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज मागतो, मग आपण हरिपाठ म्हणत असा किंवा ओसरीवर डुलकी घेत असा. अन्न पचवण्यासाठीही खाल्लेल्या ऊर्जेचा सुमारे दहावा भाग लागतो. चालणे, उठबस आणि घरकाम यांचा खर्च यावर चढतो. म्हणजे चालण्याचा हिशेब मांडण्यापूर्वीच दिवसाच्या खर्चाचा बराचसा भाग ठरून गेलेला असतो.

आता जमेची बाजू. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी फिरत असलेले ग्लुकोज जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखरेइतके असते. एका बशीभर पोह्यांतून पन्नास-साठ ग्रॅम पिष्ट पोटात जाते आणि त्याचे ग्लुकोज पुढच्या दोन-तीन तासांत रक्तात उतरते. जेथे एक चमचा मावतो तेथे दहा-बारा चमचे येऊ लागल्यावर ते तातडीने कोठेतरी हलवावे लागतात. त्यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि ते स्नायूंना व चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावते, यकृताला ते साठवायला सांगते आणि त्याच वेळी चरबीच्या कोठारातून बाहेर पडणारा पुरवठाही थांबवते.

हे साठवण दोन प्रकारचे असते आणि ते समजले की वारी व नवरात्र या दोन्हींचा उलगडा होतो. पहिला प्रकार मला भिजवून ठेवलेल्या कणकेसारखा वाटतो. ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून शरीर ग्लायकोजेन नावाचा पदार्थ तयार करते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली तो यकृतातून वेगळा काढला. कणीक भिजवलेली असली की पोळी लाटायला वेळ लागत नाही, तसे हे ग्लायकोजेन हाताशी तयार असते. परंतु भिजवलेल्या कणकेत पाणी असते, ती जड होते आणि पोत्याने साठवून ठेवता येत नाही. ग्लायकोजेनही प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते, आणि प्रौढ माणसाच्या यकृतात ते शंभरेक ग्रॅम व सर्व स्नायूंत मिळून तीनशे ते पाचशे ग्रॅम एवढेच मावते. सारे मिळून दोन हजार कॅलरींच्या आसपास, म्हणजे एका दिवसाची बेगमी.

यातही वाटणी आहे. यकृतातील साठा अन्नछत्रासारखा सर्वांसाठी खुला असतो. दोन जेवणांच्या मधल्या काळात आणि रात्रभर रक्तातील साखर त्याच्या जोरावर टिकते. स्नायूंतील साठा मात्र ज्याच्या त्याच्या शिदोरीसारखा असतो. तो ग्लुकोजच्या रूपात रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंकडे नसल्यामुळे मांडीतले ग्लायकोजेन मांडीच वापरते आणि मेंदू उपाशी असला तरी त्यातले ग्लुकोज मेंदूला देता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे चरबी, आणि ती पेवातल्या धान्यासारखी आहे : कोरडी, दाबून भरलेली, वर्षानुवर्षे टिकणारी. पिष्टाच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी असतात, तर स्निग्धाच्या एका ग्रॅममध्ये नऊ. आणि चरबीबरोबर पाणी जवळजवळ साठवावे लागत नाही. आपल्या शरीरात चरबीच्या ऊती १७ किलोंच्या आसपास असाव्यात असे धरू. एका किलोत सुमारे ७७०० कॅलरी या हिशेबाने तो साठा सव्वा लाखाहून अधिक कॅलरींचा होतो. एवढीच ऊर्जा जर शरीराने ग्लायकोजेनच्या रूपात ठेवली असती, तर पाण्यासकट सव्वाशे किलोंपेक्षा जास्त ओझे आपल्याला दिवे घाटातून वर न्यावे लागले असते. चरबीला नावे ठेवताना तिची ही सोय आपण विसरतो.

आता नवरात्र. आपण सकाळी चहा, दुपारी फळे आणि रात्री एकदाच भगर-आमटी घेत होता असे पत्रात लिहिले आहे. या आहारात आपल्या गरजेपेक्षा रोज सुमारे ७०० कॅलरी कमी पडत असाव्यात. नऊ दिवसांत ६३०० कॅलरींची तूट, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम चरबी. मग उरलेले दोन किलोंहून अधिक वजन कोठे गेले? पिष्ट कमी झाल्यावर शरीराने प्रथम कणकेचा गोळा काढला. तीनशे ग्रॅम ग्लायकोजेन संपले, तर त्याच्याबरोबर ९०० ग्रॅम पाणी मूत्रावाटे निघून जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच काटा झरझर खाली येतो आणि माणूस हरखून जातो. इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात व त्याच्यासोबत आणखी पाणी जाते. आतड्यांत एरवी असणारा पोळी-भाजीचा चोथाही या दिवसांत कमी झालेला असतो. पुढे दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली, कोजागरीला आटीव दूध झाले, रोजची पोळी व भात सुरू झाला आणि रिकामी परात पुन्हा भिजवलेल्या कणकेने भरली, पाण्यासकट. आपण "बहुतेक परत आले" असे लिहिले आहे. जे थोडेसे परत आले नाही, तेवढीच त्या नऊ दिवसांतील खरी कमाई होती. आठवड्यात तीन-चार किलो उतरवून देण्याच्या साऱ्या जाहिराती याच पाण्यावर चालतात, हे येथे सांगून टाकतो.

वारीचा हिशेब याच्या उलट आहे. ७० किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने एक किलोमीटर चालण्यासाठी, बसून राहण्याच्या खर्चावर आणखी ३५ ते ४० कॅलरी लागतात. पाठीवरची पिशवी, चढ आणि चिखल धरून आपण ४० मानू. अडीचशे किलोमीटरांचे दहा हजार कॅलरी होतात, आणि त्याची चरबी होते सुमारे १३०० ग्रॅम. एवढ्या मोठ्या चालण्याचे फळ एवढे लहान पाहून आपल्याला वाईट वाटेल, परंतु माणसाचे शरीर चालण्याच्या कामात अतिशय काटकसरी आहे, आणि म्हणूनच तर पुणे ते सासवडसारखा तीसएक किलोमीटरांचा टप्पा साठीच्या घरातील माणूस पिठले-भाकरीवर पार करू शकतो. रोजच्या हिशेबात पाहिले, तर चालण्याचा जादा खर्च साडेपाचशे कॅलरी पडतो. वाटेत उपवासाच्या दिवशी कोणी प्रेमाने पुढे केलेली साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली घ्या : ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या सुमारे २६० कॅलरी, २५ ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, तीन चमचे तुपाच्या १३०. दिवसभराचे चालणे त्या एका ताटलीत भरून निघाले. वर साखरेचा चहा दिवसातून सहा-सात वेळा झाला असेल तो निराळाच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण ज्यांनी रचली, त्यांना कॅलरी ठाऊक नव्हत्या, पण हिशेब पक्का ठाऊक होता.

तरीही पट्टा आत गेला, याचा अर्थ पोटावरची चरबी खरोखर कमी झाली आणि काट्याने ती लपवली. रोज चालणारे स्नायू आपली शिदोरी नेहमीपेक्षा अधिक भरून ठेवू लागतात व प्रत्येक ग्रॅममागे पाणी धरतात. सवय नसलेल्या चालीने स्नायूंना आलेली बारीक सूज आणि पावलांवरची सूज यांतही पाणी असते. घरी पोहोचल्यावर चार-पाच दिवस थांबून, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन केले असते, तर आकडा अधिक प्रामाणिक मिळाला असता.

या जागी घामाबद्दल एक खुलासा करतो, कारण "घाम गाळला म्हणजे चरबी वितळली" असे जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. घामाने पाणी आणि मीठ जाते. चरबीचे ऑक्सिजनशी ज्वलन झाले की तिचा बहुतेक भाग कर्बवायू होऊन नाकावाटे निघतो. दहा किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर सुमारे ८.४ किलो कर्बवायूच्या रूपाने श्वासातून आणि उरलेले १.६ किलो पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. आपली चरबी आळंदी-पंढरपूर रस्त्याच्या हवेत गेली, सदऱ्यात नव्हे.

मुलाच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. पिष्टापासून चरबी बनवण्याची सोय यकृतात आहे, पण नेहमीच्या मिश्र जेवणात ती फारशी वापरली जात नाही. सतत कित्येक दिवस गरजेपेक्षा फार जास्त पिष्ट आणि साखर पोटात गेली आणि ग्लायकोजेनची जागा भरून गेली, तरच ती जोरात चालते. एरवी घडते ते असे की भाताचे ग्लुकोज शरीर आधी जाळते किंवा कणकेच्या परातीत टाकते, आणि त्याच जेवणातील तेल-तूप, ज्याला शरीरात फारसे रूप पालटावे लागत नाही, ते रक्तातून सरळ चरबीच्या पेशींत जाऊन बसते. जळण भात पुरवतो आणि पेव फोडणीचे तेल भरते, असे म्हणता येईल. तेव्हा केवळ भात सोडून आणि त्याच्या जागी तेलात न्हालेले दोन पराठे खाऊन काही साधणार नाही. एकूण जेवण गरजेपेक्षा जास्त असेल तर जास्तीचे साठणारच, मग ते भाताचे असो, भाकरीचे असो वा बदामाचे.

आपण लिहिले आहे की घरात चौघे असून पाच लिटर तेलाचा डबा महिनाभर पुरतो. म्हणजे माणशी सव्वा लिटर, दिवसाला साधारण ३८ ग्रॅम, कॅलरी सुमारे ३४०. आपल्या चालण्याच्या मापाने हे साडेआठ किलोमीटर होतात, रोजचे. तोच डबा दीड महिना पुरवून वापरता आला, तर दिवसाला शंभराहून अधिक कॅलरी वाचतात आणि ताटातला भात जागेवर राहतो. मी आपल्या जागी असतो तर सुरुवात येथूनच केली असती.

चरबी कोठे साठते, हाही प्रश्न किती साठते याइतकाच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, आणि त्यातही ती पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठली, तर इन्सुलिनचे काम बिघडते आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. म्हणून आपल्याकडे पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा असे मानतात. शिंप्याची मोजपट्टी घेऊन, पोट आत न ओढता, महिन्यातून एकदा हा घेर लिहून ठेवा. सुदैवाने पोटातली ही चरबी चालण्याला लवकर दाद देते, आणि आपल्या पट्ट्याने त्याची साक्ष दिलीच आहे.

प्रथिनांसाठी मात्र शरीरात ना परात आहे ना पेव. जास्तीची प्रथिने बाजूला ठेवता येत नाहीत, आणि तूट पडली की शरीर चालत्या-बोलत्या स्नायूंतूनच ती काढते. लांबलेल्या उपवासात यकृतातले ग्लायकोजेन दिवसभरात जवळजवळ संपते, त्यानंतर मेंदूसाठी लागणारे ग्लुकोज काही अंशी स्नायूंतील प्रथिने मोडून तयार केले जाते. साठीत गमावलेले स्नायू सहजासहजी परत येत नाहीत. आपल्या वजनाला रोज सुमारे ५८ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि साबुदाण्यात ती नावापुरतीच असतात. तेव्हा पुढच्या नवरात्रात उपवास करायचाच असेल, तर भगरीबरोबर दही, ताक, दूध, राजगिरा आणि मूठभर दाणे यांना जागा द्या, आणि त्या दिवसांत जोर-बैठका नाही तरी खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे चालू ठेवा.

आता आपल्या स्नेह्यांविषयी. त्यांना झाले ते बहुधा रक्तातील साखर एकदम उतरल्यामुळे झाले असावे. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेऊ शकतो. त्यावर सुईने घेतलेले नेहमीचेच इन्सुलिन आणि लांबलेले जेवण यांची भर पडली की रक्तातला तो चमचाभर साठा भराभर खाली येतो. निघण्यापूर्वी महिनाभर आधी त्यांनी आपल्या डॉक्टरांना रोजचे अंतर आणि जेवणाच्या वेळा सांगून मात्रा ठरवून घ्यावी, स्वतःच्या मनाने ती वाढवू वा बंद करू नये. सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असावी आणि ती कोठे आहे हे शेजारच्या वारकऱ्याला ठाऊक असावे. थरथर सुटली किंवा साखर ७० च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि मग काहीतरी खावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दिंडीबरोबरच्या वैद्यकीय पथकाला बोलवावे. मुक्कामी पोहोचल्यावर धोका टळला असे समजू नये, कारण दिवसभर रिती झालेली शिदोरी स्नायू रात्रभर रक्तातून भरून घेत असतात आणि साखर पहाटे झोपेतही उतरू शकते. तंबूत आडवे होण्यापूर्वी बोट टोचून एकदा साखर पाहावी, ती शंभराच्या आसपास किंवा खाली असेल तर कपभर दूध आणि अर्धी भाकरी खाऊनच झोपावे, आणि त्यांच्या शेजारी पथारी आपली असेल तर फारच उत्तम.